बेमालूम

‘बेमालूम’ हा शब्द मी आजवर फक्त खोटं बोलणाऱ्यांसाठी वापरत आले. परवा रफूवाल्याने माझ्यापुढे पैठणी उलगडली. मैत्रिणीच्या लग्नासाठी जाऊबाईंकडून मागून आणलेली ही पैठणी मी खिळ्याला अडकवून फाडली होती.

“शोधा बघू, कुठे फाटली होती,” तो म्हणाला. मला सापडेना. स्वतःला पुसून टाकणाऱ्या या कामाचं कौतुक तरी कुठे बोट ठेवून करायचं?

फाटल्याचं लपवूनच मी पैठणी परत केली. जाऊबाईंनी पदरावरून हात फिरवला. बोट नेमकं एका जागी थबकलं. मग घडी घालत त्या म्हणाल्या, “पुढच्या लग्नालाही हीच ने हं.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. रफूवाल्याचं काम बेमालूम होतंच, जाऊबाईंचं त्याहून.