भुजंगनं दडवलेलं औषध

पिंगळीच्या मल्हारला अख्ख्या कळपातलं कोणतं मेंढरू खोकलं, ते पाठ फिरवूनही कळायचं. धाकट्या भावाच्या, भुजंगच्या मनातलं मात्र त्याला कधी कळलं नाही. आता ऐका कसं ते.

लोकर कातरायच्या आधी दोघं भाऊ गोचिडासाठी मेंढरं औषधाच्या पाण्यात बुचकळत. मल्हार उघड्या अंगानं हौदात उतरायचा आणि एकेक मेंढरू कवेत धरायचा. औषध कालवायचं काम भुजंगकडं.

"वास येगळा यायलाय रे," यंदा हौदात उतरताच मल्हार म्हणाला.

"नवी बाटली हाय दादा. तुझं नाक म्हातारं झालंय."

त्याच दिवशी मल्हारला घाम फुटला, लाळ गळायला लागली, उलट्या झाल्या. परभणीच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर जरा हुशारी आली. बायकोला, भागुबाईला तो म्हणालाही, "घरी जाऊ. इथला चहा लय पाणचट." पण दोनेक दिवसांनी उशीवरून मानच उचलेना, मग छातीही हलेना. घशात नळी घातली, मशीन श्वास द्यायला लागलं. कान शाबूत होते, बोट मात्र हलत नव्हतं.

डॉक्टर मंजुषाबाईंनी भुजंगला विचारलं, "सुधारलेल्या माणसाचा श्वास असा मागाहून बंद पडणं क्वचितच दिसतं. मेंढरांच्या पाण्यात दुसरं काही घातलं होतं का?"

भुजंगनं भावाच्या उघड्या डोळ्यांकडं पाहिलं. "नेहमीचंच होतं मॅडम. दादा चोरून दारू पितो, त्याचंच असंल."

मल्हारनं जन्मात थेंब घेतला नव्हता. पण बोलायला श्वास कुठला? तो तर मशीनचा.

दारात भुजंगची बायको मनकर्णा उभी होती. "खोटं कामून बोलायलाव? मेंढराचं औषध संपलं, तालुक्याला जायचा कंटाळा आला, म्हणून कापसावर फवारायचं जहर ओतलं तुमी."

"गप बस."

"लय दिस बसले गप."

मंजुषाबाईंना मेळ लागला: त्या जहरानं स्नायू मागाहून लुळे पडतात, पण काही दिवसांनी परत येतात. मशीन काढायची घाई त्यांनी केली नाही. छातीचे स्नायू हळूहळू जागे झाले आणि मल्हार चालत घरी आला.

भुजंगनं पाय धरले. "चुकलो दादा."

"औषधाचं मी कवाच सोडून दिलं. पण माझ्या डोळ्यात बघत मला दारुडा केलंस."

मल्हारनं कळप वाटून घेतला. आपली मेंढरं पुढं काढून तो चालू लागला, तर सवयीनं भुजंगचीही त्याच्याच मागं.

"बघ, त्यांना बी येगळं व्हायचं न्हाई," भुजंग म्हणाला.

मल्हार मागं फिरला आणि धाप लागली तरी एकेक मेंढरू भुजंगकडं हाकलत राहिला.