पत्रिकेतून पुसलेले काका

माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतून थोरल्या काकांना मी स्वतःच्या हाताने पुसलं. तेही कॉम्प्युटर शिकलेला असताना!

नव्वदीतली गोष्ट. आम्ही सुरतेला बमरोलीत राहत होतो आणि गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे होता. (सेकंडहँड; पण ते आम्ही कुणाला सांगत नसू.) लताचं लग्न ठरलं तेव्हा मी जाहीर केलं, "पत्रिका मीच टाइप करणार. छापखान्याने फक्त छापायची."

यंत्राला एक खोड होती. मजकूर वर-खाली सरकवला की मधूनच एखादी ओळ पडद्यावर दोनदा दिसायची. कधी दिसायची, कधी नाही. आई म्हणाली, "मिक्सरमुळे असेल." मिक्सर बंद केला. बापू म्हणाले, "पंखा लाइट ओढतो." ऐन मे महिन्यात पंखा बंद केला! घरदार घामाने भिजलं, चटणी पाट्यावर आली, ओळ मात्र दोनदाच. मग मी केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. जरा वेळ सगळं ठीक. आणि मग निमंत्रकांत मामांचं नाव एकाखाली एक, दोनदा!

"खालचं खोडून टाक ना," लता म्हणाली.

खोडलं. पत्रिका छापल्या, वाटायलाही सुरुवात झाली.

चलथाणहून थोरले काका तडक आले. बापूंना सुरतेत आणून मिलमध्ये चिकटवणारे हेच काका. घरात ते अहिराणीच बोलत. पत्रिका पुढे धरून म्हणाले, "मन्हं नाव कोठे शे?"

बापूंनी पत्रिकेची मागची बाजूसुद्धा पाहिली!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खालचे मामा खरे नव्हतेच. पडद्यावर जुनी ओळ तशीच राहिली होती आणि तिच्यामागे काका झाकले गेले होते. मी खोडले ते काका!

"काका, चूक पडद्याची आहे. दाखवतो," म्हणत मी त्यांना खुर्चीत बसवलं. मजकूर वर नेला, खाली आणला. पडदा अगदी गुणी बाळासारखा! मी बटणं दाबतोय, काका मिशी पिळताहेत, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"ऱ्हाऊ दे," काका उठले. "मी लगीनले येत नही."

"थांबा, काका!" मी आणखी एकदा बटण दाबलं आणि देव पावला. मामा पुन्हा दोनदा!

"बघा! बघा!" मी आनंदाने ओरडलो.

काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"मन्हं एक डाव नही, नि मामानं दोन डाव?"

बापूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच कॉम्प्युटरचं बटण दाबलं. भिंतीवरचं!

शेवटी आईने मला काकांचे पाय धरायला लावले. काका लग्नाला यायला तयार झाले, पण अट घालून: प्रत्येक पत्रिकेवर त्यांचं नाव शाईने, सगळ्यांच्या वर. वाटलेल्या पत्रिकाही मी घरोघर जाऊन परत मागितल्या. मी एकेका पत्रिकेवर नाव लिहीत होतो आणि काका शेजारी बसून वेलांट्या तपासत होते.

लग्न थाटात झालं. पत्रिका पाहून गल्लीतून मला कामंही येऊ लागली. पाकिटांवर पत्ते घालायची. हाताने!