गोळ्या मारुतीच्या पायाशी ठेवायला गेले तेव्हा

पहिल्या दिवशी तोंड सुजलं तेव्हा मला वाटलं, झोप कमी झाली असेल. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. तिसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा पायात रुतला, आणि लघवीला साबणासारखा फेस दिसला. मी स्वतः नर्स. लोकांना जे विचारायचं ते मी स्वतःला विचारलं नाही. घाबरले म्हणून विचारलं नाही, हे आज कबूल करते. त्याच्या दहा दिवस आधी मी कोरोनाच्या लशीचा तिसरा डोस घेतला होता.

आम्ही पडेगावला राहतो. माझी नोकरी देवगाव रंगारीच्या पलीकडच्या एका खेड्यात, आरोग्य उपकेंद्रात. लशीच्या काळात मी त्या गावात दारोदार फिरले. कुणी मला बघून कडी लावून घ्यायचं, कुणी मागच्या दारानं शेतात निघून जायचं. मी ओट्यावर बसून राहायची, चहा मागून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "माझ्या शब्दावर घ्या. काय व्हत नाय." शनिवारची मारुतीची उपासक म्हणून गाव मला ओळखतं, त्यामुळं कधीकधी त्याचंही नाव घ्यायची. लोक माझ्यावर विश्वास ठेवून दंड पुढं करायचे.

शहरातल्या दवाखान्यात पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी मला आणि ह्यांना समोर बसवलं. किडनीची गाळणी सैल झाली आहे, रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं आहे, असं त्यांनी समजावलं. हा आजार लहान मुलांत आढळतो, माझ्या वयात तो विरळाच. मी विचारलं, "मॅडम, लशीमुळं झालं का?"

त्या म्हणाल्या, "लशीनंतर असं झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. पण लस न घेतलेल्यांनाही हा आजार होतो. तुमच्या बाबतीत मी खात्रीनं हो म्हणू शकत नाही, आणि नाहीही म्हणू शकत नाही. बरा होतो, एवढं नक्की सांगते. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. बिनमिठाची भाजी, मोजून पाणी, रोज सकाळी वजन. पाच आठवडे झाले तरी सूज हटेना. उलट गोळ्यांनी झोप उडाली, साखर वाढली, चेहरा असा गोल झाला की आरशासमोर उभं राहवेना. तशात गावातून बातमी आली, सिस्टरला लशीनंच किडनीचा रोग झाला म्हणतात. ज्यांचा दुसरा डोस राहिला होता ते आता दार उघडत नव्हते. ह्यांनी मला समजावलं, "लोक बोलत्यात, बोलू दे. तू आधी बरी हो." पण मला आतून पोखरत होतं ते वेगळंच होतं. ज्याचं नाव घेऊन मी लोकांना शब्द दिला, त्यानंच मला खोटं पाडलं, असं वाटायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे शनिवार मारुतीच्या स्तोत्राविना गेले.

एका शनिवारी सकाळी मी ह्यांना म्हटलं, मला खुलताबादच्या मारुतीला न्या. हे खूश झाले. माझ्या मनात काय होतं ते मी सांगितलं नाही. पिशवीत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या भरून घेतल्या होत्या. त्या मारुतीच्या पायाशी ठेवायच्या, यापुढं एकही घ्यायची नाही. तारायचं तर तार, मारायचं तर मार, असं ठरवून निघाले होते. त्याला मी शरणागती समजत होते. खरं तर तो रुसवा होता.

ह्यांनी मला देवळाबाहेर सोडलं आणि मोटारसायकल लावायला गेले. माझ्यानं दहा पावलंही चालवेना. कडेला रुईच्या पानांचे हार विकणारी एक बाई बसली होती, साठीची असेल. तिनं माझ्याकडं बघितलं, पाटीशेजारचं पोतं सरकवलं आणि म्हणाली, "बसा इथं." मी बसले. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं, बोटानं नडगीवर हलकेच दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. मग तिनं जे विचारलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला.

"लघवीला फेस येतो का बाई?"

मी नुसती मान हलवली.

"माझ्या पोरीला व्हतं हे. पाच वर्साची व्हती. डोळं असं मिटून जायचं तिचं. डाक्टरनं गोळ्या दिल्या, अन् मी येड्यावानी महिन्यात बंद केल्या. एका बाबानं सांगितलं, देवावर सोड, इलाज पुरे. सोडलं. पोर फुगून फुगून श्वास घेईना झाली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली तवा डाक्टर माझ्यावर लई वरडला." हार ओवता ओवता ती बोलत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "मंग पुन्हा गोळ्या. येळ लागला, पण उतरली सूज. आता वैजापूरला दिली हाय, दोन लेकरं हायेत तिला."

मला रडू आवरेना. पिशवी उघडून मी तिला पट्ट्या दाखवल्या, कशासाठी आणल्या तेही सांगितलं. नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला सांगितलं. ती हातातला दोरा खाली ठेवून म्हणाली, "देवावर सोडायचं म्हंजी देवानं दिलेलं फेकायचं व्हय? ह्या काय सैतानानं दिल्या का? जा, दर्शन घ्या. अन् घरी जाऊन गिळा."

आत गेले. आमच्या मारुतीची मूर्ती तिथं निजलेली आहे. मी त्याच्यासमोर काहीच मागितलं नाही. पिशवी छातीशी धरून थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली, आणि त्या सकाळची गोळी मी तिथंच, देवळाच्या भिंतीला टेकून घेतली.

आठव्या आठवड्यात वजन उतरू लागलं. पुढं लघवीतलं प्रथिन थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठ्या माणसांत औषधाला वेळ लागतो, तुम्ही टिकलात हे महत्त्वाचं. रुईवालीला भेटायला मी नंतर साडी घेऊन गेले. तिनं मला ओळखलंच नाही. "दिसभरात लई बाया बसत्यात इथं," म्हणाली, आणि हसली. मी साडी तिच्या पाटीशेजारी ठेवली आणि निघाले.

कामावर परत गेले त्या आठवड्यातच लसीकरण होतं. गावातल्या मंदिराच्या सभामंडपात पंधरा-वीस जण जमले होते, पण पुढं कुणी येत नव्हतं. गयाबाई म्हणून सत्तरीची आजी आहे, दोनदा मला परत पाठवलेली. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "सिस्टर, तुमालाच ते झालं म्हणत्यात. खरं का?"

पूर्वीची मी असते तर अफवा म्हणून उडवून लावलं असतं. त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. लशीनंतर झालं. लशीमुळंच झालं का, ते डॉक्टरलाही ठामपणं सांगता येत नाही. असं फार क्वचित कुणाला होतं. मला सध्या पुढचा डोस घेऊ नका म्हणून सांगितलंय, तेही सांगितलं. "तरी तुम्ही घ्यावी, असंच मला वाटतं. पण तोंड-पाय सुजलं, लघवीला फेस आला, तर त्याच दिवशी मला हाक मारा. मी तुमच्यासोबत दवाखान्यात येईन."

दोघं जण उठून घरी गेले. त्यांना मी थांबवलं नाही. मग गयाबाई उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि पदर बाजूला करून दंड पुढं केला. म्हणाली, "आधी तू काय व्हत नाय, काय व्हत नाय म्हणायचीस ना, तवा मला लई भ्या वाटायचं. आज नाय वाटत."

मी दंड पुसला आणि सुई दिली. नीट गेली.

हा आजार उलटू शकतो, हे मला माहीत आहे. म्हणून दर आठवड्याला मी लघवी तपासायची पट्टी बुडवून बघते. पिवळी राहिली की देवघरात जाऊन हात जोडते. उद्या प्रथिन दिसून हिरवी झाली, तरी आधी तिथंच जाईन, आणि मग डॉक्टरबाईंना फोन करीन. माझं आता मारुतीकडं एवढंच मागणं आहे, की हे दोन्ही करायची बुद्धी त्यानं काढून घेऊ नये.