कंपाउंडर म्हणजे कोण

बाळीवेशीतल्या त्या दवाखान्यात गुरुबसप्पा अठ्ठेचाळीस साली कामाला लागला, तेव्हा कंपाउंडर म्हणजे काय हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं. वय एकोणीस, सातवीची फायनल पास, अक्षर चांगलं आणि मामाने जा म्हटलं म्हणून गेलेला. शब्द इंग्रजी आहे, म्हणजे नोकरी खुर्चीवरची असणार, एवढी त्याची समजूत. दवाखाना ज्यांचा, त्या मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची दाखवलीच नाही. एक खल, एक काचेचं माप आणि ओळीने मांडलेल्या बरण्या दाखवल्या आणि म्हणाले, कंपाउंड करणं म्हणजे मिसळणं; मिसळतो तो कंपाउंडर. नीट मिसळलंस तर माणसं बरी होतील, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस. पहिले सहा महिने त्यांनी त्याचा हात धरून त्याला शिकवलं. फी घेतली नाही आणि आवाजही चढवला नाही. त्या सहा महिन्यांबद्दल गुरुबसप्पा जन्मभर त्यांचं नाव घेताना चप्पल काढून उभा राहायचा. लोक हसत. हसू देत बापडे.

सत्तावीस वर्षं तो मिसळत राहिला. खोकल्याचं तांबडं, पोटाचं गुलाबी, तापाचं पांढरं. माणसं घरून धुतलेली बाटली घेऊन यायची. खिडकीतून बाटली घ्यायची, औषध भरायचं, कागदाच्या पट्टीची घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडायच्या आणि खळ लावून ती पट्टी बाटलीवर डकवायची. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध, दिवसातून तीनदा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ही पट्टी वाचता येई. बाटली हातात देताना त्याचं एकच वाक्य असे, हलवून घ्या बरं का. अक्कलकोटकडच्या माणसाला तो ते कानडीत सांगे आणि विणकरांच्या बायकांना मोडक्यातोडक्या तेलुगूत.

शब्द मात्र खल-मापाजवळ थांबला नाही. शब्दांना पाय असतात आणि परक्या गावात आलेल्या शब्दाला तर जरा जास्तच. गुरुबसप्पाचं स्थळ दानम्माच्या घरी गेलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, मुलगा कंपाउंडर आहे, म्हणजे अर्धा डॉक्टरच की. त्या अर्ध्यावर लग्न ठरलं. उरलेला अर्धा कुठं ठेवलात, असं दानम्मा पुढे कितीतरी वर्षं विचारायची. गल्लीत कंपाउंडर म्हणजे गळू फोडणारा, पट्टी बांधणारा, आलेली तार वाचून दाखवणारा, सासू-सुनेची समजूत घालणारा. मग सत्तरच्या आसपास खेडोपाडी असे लोक निघाले, ज्यांनी कुठल्यातरी दवाखान्यात वर्षभर बाटल्या विसळल्या आणि पिशवीत सुई घालून थेट डॉक्टर झाले. तेव्हापासून ‘कंपाउंडरचं इंजेक्शन’ ही शिवी झाली. ती कानावर आली की गुरुबसप्पाला जेवण जायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या नावाला कुणी चिखल लावतंय, असं त्याला वाटे.

मोठे डॉक्टर चौऱ्याहत्तर साली गेले आणि त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून गादीवर बसला. धाकटे डॉक्टर वाईट असते तर हे सांगणं सोपं झालं असतं. पण ते सरळ, अभ्यासू आणि काका म्हणून हाक मारणारे. फक्त त्यांचा मिश्रणावर विश्वास नव्हता. ते गोळ्या लिहीत, गोळ्या नेमक्या असतात म्हणत. पेशंटला सगळं स्वतः समजावून देत आणि दोन माणसांनी सांगितलं की गोंधळ होतो म्हणून खिडकीतून काही सांगत जाऊ नका, असं त्यांनी गुरुबसप्पाला नम्रपणे बजावलं. वर्षभरात बरण्यांवर धूळ बसली.

श्रावणात त्यांनी काकांना आत बोलावलं, पहिल्यांदाच खुर्ची दिली आणि एक जाडजूड शब्दकोश उघडला. वाईट बातमी पुस्तकातून द्यायची या शिकलेल्या माणसांची खोड मोठी गमतीची असते. त्यांनी वाचून दाखवलं की जुन्या काळी विलायतेत भांडण आपसात मिटवून देणाऱ्यालाही कंपाउंडर म्हणत. मग औषधं मिसळणाऱ्याला म्हणू लागले. आणि आता तिकडे दवाखान्यात हा शब्द कोणी वापरत नाही, तो आपल्याकडेच उरलाय. पुस्तक मिटून ते खाली बघत म्हणाले, "काका, मिसळण्यासारखं आता काही राहिलं नाही. दसऱ्यापर्यंत दुसरीकडे बघाल का?"

सेहेचाळीसाव्या वर्षी दुसरीकडे काय बघणार? त्याला येत होतं ते एवढंच. घरी त्याने सांगितलं तेव्हा दानम्मा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. थट्टेची सवय असलेली ती बाई त्या दिवशी उठली आणि पिठाचा डबा उघडून किती उरलंय ते बघू लागली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, मोहोळकडची मायाक्का धनगरीण एका टेम्पोतून नवऱ्याला घेऊन आली. नवरा धुळा, मेंढरामागे फिरणारा धिप्पाड गडी. त्याला फेफरं यायचं. धाकट्या डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी त्याला पंधरा दिवसांच्या दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या होत्या. बारीक पांढरी झोपताना एकच, पिवळी तीनदा, असं मायाक्काला दोनदा समजावून सांगितलं होतं आणि तिने दोन्ही वेळा मान डोलावली होती. आता धुळा टेम्पोत आडवा होता. हलवलं तर जेमतेम हुंकार देई आणि परत गाढ झोपे. आधीचे तीन दिवस फेफरं तसंच येत होतं, असं मायाक्काने सांगितलं. आजच हे झालं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती दिल्यास? मायाक्का म्हणाली, "गोळ्या न्हाय दिल्या. औशद दिलं."

कुठलं औषध, कुणी दिलं, असं डॉक्टर ओरडलेच. गावातल्या कुठल्यातरी सुईवाल्याचं काही घातलं असणार, असं त्यांना वाटलं. ती घाबरून म्हणाली, तुमीच दिलं की. डॉक्टरांचा चेहरा उतरला. खिडकीतला गुरुबसप्पा हे ऐकत होता. मधे बोलायची मनाई होती. तो बाहेर आला आणि त्याने विचारलं, "मायाक्का, बाटली कुटं हाय?"

तिने पिशवीतून बाटली काढली. त्याच दवाखान्यातली, दोन वर्षांपूर्वीची. त्याने स्वतः कापून डकवलेली खाचांची पट्टी अजून तिच्यावर होती. तळाला पांढरट पिवळा गाळ, तोही शेवटच्या खाचेपुरता. औषध म्हणजे बाटलीतलं, खाचेखाचेनं घ्यायचं, हे तिला याच खिडकीने शिकवलं होतं. म्हणून तिने पंधरा दिवसांच्या सगळ्या गोळ्या बाटलीत घालून वर पाणी ओतलं होतं आणि इमानाने दिवसातून तीन खाचा पाजल्या होत्या. वरच्या खाचांत नुसतं पाणी आणि खाली साचलेलं औषध आज एकदम पोटात गेलेलं. या खेपेला हलवून घ्यायचं मला कुनी सांगितलं न्हाय, असं ती रडत म्हणाली, तेव्हा गुरुबसप्पाला तिथे उभं राहवेना.

पण तो उभा राहिला. गाळ किती, पोटात किती गेलं असेल, सगळं त्याने डॉक्टरांना भराभर सांगितलं. नेमकं काय झालंय ते कळल्यावर डॉक्टर क्षणभरही थांबले नाहीत. त्याच टेम्पोत बसून ते धुळाला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी धुळाने डोळे उघडले आणि मेंढरं कुणाकडं हायत, असं विचारलं.

त्या संध्याकाळी गुरुबसप्पाने दवाखान्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. उद्या दसरा होता आणि त्याने जायचा शब्द दिलेला. धाकट्या डॉक्टरांनी किल्ल्यांना हात लावला नाही.

"मी गोळ्या बरोबर लिहिल्या होत्या, काका," ते म्हणाले. "बरोबर सांगितल्याही होत्या. तीन दिवस मी हेच घोकतोय. पण औषध कागदावरून माणसाच्या पोटापर्यंत जातं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही जाऊ नका. मला शिकवा."

बापाने ज्याला हात धरून शिकवलं, त्यालाच आता मुलगा शिकवा म्हणत होता. गुरुबसप्पा लगेच कात्री घेऊन बसला. पांढऱ्या गोळ्यांच्या पुडीवर एका खाचेची पट्टी आणि चंद्र काढला. पिवळ्यांच्या पुडीवर तीन खाचा आणि तीन सूर्य. डॉक्टर शेजारी बसून बघत होते. त्यांनीही एक पट्टी कापली. ती वाकडी गेली, म्हणून गुरुबसप्पाने ती परत कापायला लावली.

दसऱ्याच्या सकाळी दानम्माने धुळा-मायाक्कासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. नवरा म्हणून मिळालेला अर्धा डॉक्टर मला पुरतो, असंही म्हणाली. तो पुड्या घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला. धुळा भिंतीला टेकून बसला होता. गुरुबसप्पाने मायाक्काला पुड्या दाखवल्या, पाणी नाही, बाटली नाही, असं सांगितलं आणि तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तिने सगळं बिनचूक म्हटलं आणि मग ती वाकून त्याच्या पाया पडायला लागली. म्हणाली, "तुमी बाटली वळकली म्हून माझा मानूस हाय. तुमचं उपकार कुटं फेडू?"

गुरुबसप्पा दोन पावलं मागं सरला. हिचा नवरा मरता मरता वाचला आणि त्यातून आपली भाकरी वाचली. ही कृतज्ञता कुठल्या तोंडानं बोलून दाखवायची, हे त्याला कळत नव्हतं, आणि मनातून तर ती जात नव्हती.

"उपकार तुझे हायत, बाई," तो म्हणाला. "लई हायत."

मायाक्काला त्यातलं काही कळलं नाही. शहरातली माणसं असंच गोड बोलतात, असं समजून ती हसली, आणि त्याने आणलेली भाकरी मोडून तिने पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला.