प्रत्येकाला वेगळा आकडा

प्राणीशास्त्राच्या बाई कपाटाला कुलूप लावत, ते ओढून बघत, दारापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघत. कपाटात सोनंनाणं नव्हतं, गोगलगायींच्या नोंदी होत्या. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘गोगलगाय मॅडम’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असं लोक त्या बिचाऱ्या जिवाला उगाच म्हणतात. पोटातले पाय खरे असतात ते माणसांचे.

हा संशय जन्मजात नव्हता. तरुणपणी पीएचडी करताना त्यांनी एक चांगली गोष्ट शोधून काढली होती. तिचा कच्चा लेख मोठ्या विश्वासाने गाईडच्या हातात दिला आणि पुढच्या वर्षी तो गाईडच्याच नावाने छापून आला. बाईंचं नाव अगदीच नव्हतं असं नाही. शेवटी आभाराच्या ओळीत होतं, फोटो काढणारा आणि प्रयोगशाळा झाडणारा यांच्या मध्ये. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. बाई तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागल्या.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि हातात पुन्हा एक शोध होता. बागेच्या भिंतीतली गोगलगाय उचलून लांब नेऊन सोडली, तरी ती आपली सरपटत आपल्याच भेगेत परत येते. किती लांबून येते, हे बाईंनी वर्षानुवर्षं भिंतीपाशी उकिडवं बसून मोजलं होतं. कोणती गोगलगाय कोणती हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या शंखावर नेलपॉलिशचे ठिपके. त्या बाटल्या आणायला त्या नवऱ्याला पाठवत. लाल, निळी, जांभळी अशी पिशवीभर नेलपॉलिश नेणाऱ्या टकल्या गृहस्थाकडे दुकानदार कसा बघत असेल, ते त्या नवऱ्यालाच माहीत. हा शोध एका चांगल्या जर्नलमध्ये, एकट्या आपल्या नावाने छापून यावा, एवढंच बाईंना हवं होतं. तेवढं झालं की त्या सुखाने घरी बसणार होत्या.

पण शोधनिबंध काही एकट्याने उरकायची गोष्ट नव्हे. भाषेवरून हात फिरवायला नवरा होता. तो शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. त्याच्यावर बाईंचा संशय नव्हता, कारण गोगलगाय आणि शेंबूड यांत त्याला फारसा फरक दिसत नसे. आलेख आणि तक्ते करायला बहिणीची मुलगी होती. राहता राहिलं आकडेशास्त्र, म्हणजे सरासरी, शक्यता आणि तो सगळा जाच. त्यासाठी शेजारच्या केबिनमधल्या संख्याशास्त्राच्या सरांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सर मऊ बोलणारे. आणि मऊ बोलणारा माणूस दिसला की बाईंचा हात आपोआप पर्सच्या चेनवर जाई.

“मॅडम, नुसते तक्ते नका देऊ,” सर म्हणाले. “मूळ नोंदीही द्या. म्हणजे नीट बघता येईल.”

मूळ नोंदी? बाईंच्या डोक्यात घंटा वाजली. त्यात परवाच हे सर कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कॉलेजातल्या एका माणसाबरोबर चहा पीत बसलेले दिसले होते, आणि तो माणूस शिंपल्यांवर काम करणारा. शिंपल्यांवरून गोगलगायींवर यायला कितीसा वेळ लागतो? पाणी कुठेतरी मुरत होतं.

बाईंनी शक्कल लढवली. लेखाच्या प्रत्येक प्रतीत एक आकडा मुद्दाम खोटा घालायचा, आणि प्रत्येकाला वेगळा. उद्या लेख भलत्याच्या नावाने छापून आला तर त्यातला खोटा आकडाच चोराचं नाव सांगेल. सरांना मूळ नोंदींची नक्कल नाइलाजाने दिली, पण त्यांच्या प्रतीत एक अंतर थोडं घटवलं. भाचीच्या प्रतीत दुसऱ्या ओळीतले बावीस मीटर सत्तावीस केले.

“अगं, पोरीलासुद्धा?” नवरा म्हणाला. “आपल्या अंगाखांद्यावर वाढलेली ती!”

“गाईडसुद्धा मला मुलगीच म्हणायचे.”

 नवरा पुन्हा स्वल्पविराम शोधायला लागला.

सुट्टी संपल्यावर सर कागद घेऊन आले. चेहरा ओढलेला. “मॅडम, एक अंतर मूळ नोंदींशी जुळत नाहीये. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“टायपिंगची चूक असेल,” बाई म्हणाल्या आणि कागद जवळजवळ ओढूनच घेतले.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, “इतकं बारीक वाचतोय, म्हणजे त्याचा डोळा आहे माझ्या कामावर.”

“अगं बाई, बारीक वाचायलाच दिलं होतंस ना?” नवऱ्याने विचारलं.

भाचीने आलेख मात्र इतके देखणे केले की बाई हरखल्या. ते पुन्हा काढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून मजकूर आपल्या खऱ्या प्रतीतला घेतला, आणि आलेख व तक्ता भाचीचा, जसाच्या तसा. सगळी जोडलेली फाइल कुणी उघडू नये म्हणून तिला ‘गॅसचं बिल’ असं नाव दिलं. लेख कुणाकुणाकडे तपासायला पाठवू नये, असं जर्नलने विचारलं होतं. बाईंनी तिथे इतकी नावं भरली की नवरा म्हणाला, “आता जगात गोगलगायवाले उरले तरी किती?” जर्नलच्या नियमाप्रमाणे मूळ नोंदी जोडल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. राखण करण्याच्या नादात पिकाकडे बघायचं राहून गेलं. भाचीच्या तक्त्यातले सत्तावीस मीटर तसेच गेले.

उत्तर आलं ते असं. लेखाचं काम मोलाचं आहे. परंतु तक्त्यात आणि आलेखात एक अंतर मूळ नोंदीपेक्षा जास्त दाखवलेलं आहे आणि नेमकं त्यामुळेच निष्कर्ष अधिक ठळक दिसतो. आकडा हेतुपुरस्सर वाढवल्याची शंका येते. लेखिकेने खुलासा करावा आणि सर्व नोंदी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाकडून तपासून घ्याव्यात. तसं न झाल्यास लेख नाकारून कॉलेजला कळवण्यात येईल.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांवर संशय घेतला, त्यांच्याकडे आता लांबचा अनोळखी माणूस चोर म्हणून बघत होता. निवृत्तीच्या समारंभात लोक काय कुजबुजतील, ते त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

हे कळताच भाची धावत आली. डोळे भरलेले. “मावशी, माझ्याच हातून चुकलं गं. तक्ता मीच केला ना. तू सरळ लिही त्यांना, की चूक भाचीची आहे.”

वाट सोपी होती. क्षणभर बाईंना ती हवीशी वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोरीच्या मेहनतीवर आपलं नाव आणि आपल्या पापावर पोरीचं, असा तो सौदा होता. बाईंना स्वतःची किळस आली. त्यांनी भाचीला जवळ बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

भाचीने डोळे पुसले. “मलापण?” एवढंच विचारलं आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. जाताना ती नेहमीसारखी गळ्यात पडली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या. उभ्याउभ्याच बोलल्या, नाहीतर बोलणं झालं नसतं.

“म्हणजे माझ्या प्रतीतला तोसुद्धा?” सरांनी विचारलं.

“हो.”

“मी सगळी सुट्टी त्या एका ओळीपायी घालवली, मॅडम. बायको म्हणत होती गावाला जाऊ. मला वाटलं, आता वयाने माझा हिशेब चुकायला लागला.”

ते चिडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. त्यांनी नोंदी पुन्हा मागून घेतल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासल्या, आणि एक आकडा सोडून बाकी सगळं चोख आहे, असं सहीनिशी लिहून दिलं. बाईंनी खुलाशात सगळं खरं लिहिलं, खोट्या आकड्यांच्या सापळ्यासकट. ते वाचून संपादकाची काय मुद्रा झाली असेल, देव जाणे. पण निष्कर्ष बावीस मीटरवरही टिकत होता. लेख छापून आला, एकट्या बाईंच्या नावाने. नवऱ्याने तो भिंतीवर लावायचा हट्ट धरला आणि बाईंनी लावू दिला नाही.

निवृत्तीआधी त्यांनी आणखी एक छोटा लेख लिहायला घेतला. या खेपेला कुणी न मागताच त्या मूळ नोंदींचा गठ्ठा घेऊन सरांकडे गेल्या आणि टेबलावर ठेवला.

सरांनी चष्मा चढवला. “यातला खोटा कुठला, ते आधीच सांगून टाका मॅडम. माझा वेळ वाचेल.” ते हसत नव्हते.

“या वेळी एकही नाही, सर. खरंच नाही.”

“बरं,” सर म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून एकेक आकडा ताडून बघायला घेतला.