गेममधल्या माणसानं अण्णांना विचारलं

या पानावरचे गूढ अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेकांना हसते, हे आधीच सांगून टाकते. मी कळंबला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मशीन विचित्र वागलं की कुठंतरी वायर सैल असते, नाहीतर कुणीतरी नको ते बटण दाबलेलं असतं… एवढाच माझा विश्वास. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते घरात तिघांनी ऐकलं आणि तिघांपैकी एकालाही त्याचा उलगडा करता येत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर घरात बसून कंटाळले, तेव्हा मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांना एक गेम लावून दिला. परदेशी पुराणांतल्या देवांचा गेम. आपण गाव वसवायचं, माणसं कामाला लावायची – कुणी शेतात, कुणी लाकडं तोडायला – आणि देवळं बांधायची. देव प्रसन्न झाले की पाऊस पाडतात, शत्रूवर वीज टाकतात. मग लढाई. अण्णा लढाईला कधी जायचेच नाहीत. "आधी समद्यांच्या जेवणाचं बघ," म्हणायचे. त्यांच्या गावात शंभरेक माणसं, नऊ देवळं आणि सैनिक एकही नाही. मी माझ्या लॅपटॉपवरून लढाईचे हत्ती घेऊन आले की ते वीज टाकायचे आणि खुर्चीत गदगदून हसायचे.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, उजवा हात थोडाफार सावरला, पण वाचा गेली. समजायचं सगळं, बोलायला गेले की नुसतं "हा… हा…" यायचं. तीस वर्षं अख्ख्या बसला ऐकू जाईल असं बोललेला माणूस. डॉक्टरांनी सरावासाठी चित्रांची कार्डं दिली होती. आई केळ्याचं कार्ड समोर धरायची, "म्हणा, केळं." अण्णा भिंतीकडं तोंड फिरवायचे. सात महिने असेच गेले. शेवटी शेवटी तर ते "हा"सुद्धा म्हणेनात.

तेवढ्यात त्या गेमचं एक्स्पान्शन आलं. म्हणजे मूळ गेममध्ये भर – नवे देव, नवा मुलूख, नवी माणसं. मी ते घेतलं. खरं सांगायचं तर अण्णांसाठी नाही, माझ्यासाठीच… सात महिन्यांत माझ्याशी कुणी खेळलं नव्हतं. मोबाईलच्या नेटवर दोन दिवस डाउनलोड चाललं आणि एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गेम सुरू झाला.

अण्णांना खुर्चीत बसवलं, माउस डाव्या हाताला दिला. आई स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. टीव्ही बंद, माझा मोबाईल आत आईजवळ चार्जिंगला. या गेममध्ये माणसावर क्लिक केलं की तो उत्तर देतो, पण त्याच्या मुलखाच्या कुठल्यातरी जुन्या भाषेत. आपल्याला अक्षर कळत नाही. अण्णांनी टोपलीवाल्या बाईवर क्लिक केलं, ती काहीतरी पुटपुटली. मासे धरणाऱ्यावर केलं, तोही. मग देवळाच्या पायरीशी उभ्या असलेल्या एका माणसावर केलं.

"कुठं जायचंय?"

स्पीकरमधून. स्वच्छ. पुरुषाचा आवाज, जरा घाईतला.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा हात माउसवर थांबला होता. त्यांनी पुन्हा क्लिक केलं.

"कुठं जायचंय, बोला की लवकर."

अण्णांचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या. "तु… तु…" मी खुर्ची पुढं ओढली. "तुळजापूर."

आतून आई म्हणाली, "कोण आलंय गं? कुठं जायचं म्हणतंय?" आणि उलथनं हातात घेऊनच ती बाहेर आली. दारात कुणी नव्हतं. अण्णा तिच्याकडं बघून म्हणाले, "दोन." मग, "दोन फुल." दोन पूर्ण तिकिटं, त्यांचं आणि आईचं.

आई उलथन्यासकट त्यांच्या पायाशी बसली. आत शेंगदाणे करपले, घरभर धूर झाला, तरी कुणी उठलं नाही. आम्ही तिघंही रडत होतो आणि हसत होतो. अण्णा मध्येच पुन्हा "फुल… फुल…" म्हणून बघत होते – शब्द अजून आहे ना जागेवर, म्हणून.

नंतर मी त्या माणसावर शंभर वेळा तरी क्लिक केलं असेल. तीच न कळणारी भाषा. एक्स्पान्शनच्या सगळ्या आवाजांच्या फाइली उघडून एकेक ऐकल्या, त्यात चार दिवस गेले. मराठी एक शब्द नाही. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर एकानं लिहिलं, परकी भाषा ऐकताना आपले शब्द ऐकू येतात, भास असतो. असेल. माझा असेल, अण्णांचाही असेल. पण आत चुलीपाशी उभ्या असलेल्या आईचं काय? तिनं ना त्या दिवशी पडदा बघितला होता, ना तिला नवीन काही घेतल्याचं माहीत होतं. ती तर म्हणते, "तुझ्या अण्णांचाच आवाज व्हता. आधीचा." मला तसं वाटलं नाही. मला तो आवाज अनोळखी वाटला, पण माणूस मात्र चांगला वाटला.

वाचा अशी अचानक येऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मी मान्य करते. पण विचारलं कुणी, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

पुढच्या मंगळवारी आई त्यांना घेऊन तुळजापूरला जाऊन आली. आता अण्णा अडखळत का होईना, दिवसभर बोलतात. गेममधल्या रिकाम्या उभ्या माणसांना रागावतात, मला "हत्ती आण, बघतो" म्हणून डिवचतात.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, त्या दिवशी कोण होतं हो?"

त्यांनी शब्द जुळवला.

"असंल," म्हणाले, "कुणीतरी… ड्युटीवरचा."

आणि माझ्या हत्तीवर वीज टाकून गदगदून हसायला लागले.