अक्कांचं वेगळं ताट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरजवळ नागापूरला आमच्या गल्लीतल्या गिरणीत दळण घेऊन उभी होते. गिरणीच्या घरघरीत भाऊजींचं बोलणं नीट ऐकू येईना. "शैला, गेली गं ती..." एवढं कसंबसं कळलं. बाजरीचा डबा तिथंच टाकून मी बाहेर आले आणि कुणाच्या तरी पायरीवर बसले. त्या राहत नाहीत हे महिनाभर सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. गिरणीवाला "वहिनी, पीठ झालं" म्हणून हाका मारत होता आणि मला उठता येत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजींची बायको. पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी मी लग्न होऊन गेले तेव्हा मला गाईची धारसुद्धा काढता येत नव्हती. मी नगरची, पिशवीतलं दूध पिऊन वाढलेली. अक्कांनी मला गाईशेजारी बसवलं, मी अंग चोरतेय हे बघितलं आणि म्हणाल्या, "गाईला भितीस का माझ्या दिराला? दोघं बी लाथा झाडत न्हाईत, बस निवांत." सासूबाई आत होत्या म्हणून पदर तोंडात कोंबून हसलो. दुपारी घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकली की आम्ही दोघी एकाच ताटात बसायचो. मिरचीचा ठेचा त्यांच्या बाजूला, दह्याची वाटी माझ्या बाजूला. पुढं ह्यांना नागापूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इकडं आलो, तरी सुट्टीला गावी गेले की आमचं ताट एकच.

मग गावात रक्तदान शिबिर झालं. बायका नुसत्या दारातून डोकावत होत्या. अक्का सरळ जाऊन कॉटवर आडव्या झाल्या. आमच्या गावात रक्त देणारी पहिली बाई म्हणून त्यांचा सत्कारही झाला. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा म्हणून. त्या माझ्याकडं आल्या आणि आम्ही दोघी रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंपुढं बसलो. रक्तात हेपॅटायटिस बी सापडला होता. गावाकडं ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो.

"पन मला तर कायबी हुत न्हाई," अक्का म्हणाल्या. "भारा उचलती, चार गायांच्या धारा काढती."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि आतल्या आत यकृत खात राहतो, असं त्यांनी सांगितलं. तो रक्तातून जातो. बाळंतपणात आईकडून बाळाला, वापरलेल्या सुईतून, एकमेकांच्या दाढीच्या पात्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून. अक्कांना बहुधा जन्मतःच आईकडून आला असावा. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला या, लागली तर रोजची गोळी सुरू करू, आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. ज्यांना नाही त्यांना लस द्या, म्हणजे पुढं कधी होणार नाही. अक्का मान डोलवत होत्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

कसलं सुटतोय! जे करायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तेवढं आमच्या घरानं मन लावून केलं. जे करा म्हणून सांगितलं होतं, त्यातलं एकही नाही. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी अक्कांचं ताट, तांब्या, पेला वेगळा काढला. मोरीत त्यांच्या भांड्यांना वेगळा कोपरा मिळाला, वेगळी राख मिळाली. रक्त तपासायची गोष्ट काढली तर भाऊजी म्हणाले, "मी कुठं रक्तदान केलंय?" जणू आजार शिबिरातच वाटला होता. आणि उपचार म्हणून अक्कांना शेजारच्या गावी माळ घालायला नेलं.

ही माळ आमच्याकडं पुष्कळांना माहीत असेल. कसल्याशा ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठी मारून केलेली, आधी डोक्यावर चुंबळीएवढी बसणारी. कावीळ उतरेल तशी माळ वाढते, गळ्यात येते, मग छातीवर. अक्कांची माळ छातीवर आली तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. मला राहवलं नाही. मी त्याच माणसाकडून तसलीच एक माळ आणली आणि गोठ्यातल्या खिळ्याला अडकवली. काड्या सुकल्या, गाठी सैल पडल्या आणि माळ हातभर लोंबायला लागली. "बघा आत्याबाई," मी म्हटलं, "खिळ्याची पण कावीळ उतरली." सासूबाई माझ्याशी पुढच्या सणापर्यंत बोलल्या नाहीत. अक्का मात्र पोट धरून हसल्या... आणि तरीही तपासणीला गेल्या नाहीत. "बरं वाटतंय की गं. गाया कुनाच्या जिवावर टाकू?" एवढंच म्हणाल्या.

मला राग यायचा तो याचा, की माळेनं आजार गेला असं सगळे मानत होते आणि ताट मात्र वेगळंच राहिलं होतं. आजार गेला असेल तर ताट वेगळं कशाला, आणि असेल तर दवाखाना का नाही? हे विचारण्याची सोय नव्हती. एकदा गावी गेले असताना मी मुद्दाम त्यांच्या ताटात हात घातला. त्यांनी ताट झटकन मागं ओढलं, आमटी सांडली. "लेकरं हायेत तुला," त्या म्हणाल्या. घरानं घातलेला नियम त्या घरापेक्षाही कडक पाळत होत्या. सासूबाई वारल्यावरही ते ताट त्या कोपऱ्यातच राहिलं.

काही वर्षांनी पोट फुगायला लागलं, पाय सुजले. आधी गॅस म्हणून सोडा घेतला. मी ओढून नगरला आणलं तेव्हा यकृत आक्रसलं होतं, आत गाठही होती. रोजच्या एका गोळीनं कदाचित हे लांबलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर आले. अक्का आत भाऊजींना सांगत होत्या, गाभणी गाय विकू नका.

त्याच सुमारास त्यांची लेक मनीषा संगमनेरला सासरी पोटुशी होती. आईकडून बाळाला... डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी विचारलं, मनीचं रक्त तपासलं का? मग कळलं, दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायला सांगितलं की मनीषा आईला फोन करायची आणि अक्का सांगायच्या, अशक्त होशील, पुढच्या खेपेला दे. पोरगी ऐकत आली होती. सातवा महिना लागला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शैला, सासरी कळलं तर तिचं बी ताट येगळं काढतील," त्या म्हणाल्या. "तुला न्हाई कळायचं त्ये. भूक लागलेली असती, पन येगळ्या ताटातला घास गिळत न्हाई."

इतक्या वर्षांत त्या ताटाबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी एवढंच म्हटलं, "आणि बाळाला झालं तर?"

दोन दिवसांनी त्यांनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "विहीनबाईला बोलाव. मी सांगती."

विहीणबाई आल्या, उशाशी बसल्या. अक्कांनी सगळं स्वतः सांगितलं, काही झाकलं नाही. शेवटी हात जोडले, "माझ्या पोरीला टाकू नका." विहीणबाईंनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई व्हय? हात कशाला जोडता? उद्याच नेते तिला." आणि खरंच नेलं.

मनीषाच्या रक्तातही तेच निघालं. तिला लगेच गोळ्या सुरू झाल्या, जावयाला लस दिली. बाळ जन्मल्याबरोबर त्यालाही सुया द्यायच्या, म्हणजे बहुतेक बाळं वाचतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी हे अक्कांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मनीच्या टायमाला हुती का गं ही सुई?"

होती. सगळीकडं मिळत नव्हती, पण होती. "कुठली हो अक्का," मी म्हटलं, "तेव्हा असलं काही नव्हतंच." खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्यांनी डोळे मिटले. "मीच दिलं न्हवं तिला..." एवढं पुटपुटल्या. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. नात त्यांनी पाहिली नाही.

मनीषा बाळंत झाली तेव्हा आईच्या जागी मी होते. बाळाला पुसून घेतल्या घेतल्या नर्सनं दोन्ही मांड्यांवर एकेक सुई टोचली. पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला. मग नर्सनं ती मनीषापुढं धरली. मनीषानं तिला घेतलंच नाही. लांबूनच तिच्या चेहऱ्यावरून हवेत हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. थेट अक्का! आजार कळल्यापासून अक्का लेकीला अशाच हातभर अंतरावरून ओवाळून टाकायच्या. दहावीच्या निकालाला तशाच, लग्नात पाठवणीलाही तशाच. मला ती त्यांची हौस वाटायची.

"अहो, घ्या ना जवळ. पाजा तिला," नर्स म्हणाली.

"पाजलं तर चालंल? मुका घेतला तर?"

"न चालायला काय झालं? सुया दिल्यात तिला. आणि मुक्यानं हा आजार होतच नाही कुणाला."

मनीषानं पोरीला उराशी घेतलं, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि तसेच ठेवले. वर बघितलं तेव्हा तिचा सगळा चेहरा ओला होता.

"मग आईनं माझा का न्हाई घेतला गं, काकू?"